शेख महंमद : श्रद्धा, भाषा आणि समाज

श्रद्धा माणसाला घडवते, हे सर्वमान्य आहे. पण श्रद्धेबरोबर भाषाही ठरते काय? दख्खनचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर वेगळे देतो.

सतराव्या शतकातील शेख महंमद हे जन्माने मुसलमान आणि सूफींच्या कादरी परंपरेतले. दौलताबादचे चांद बोधले हे त्यांचे गुरू मानले जातात. श्रीगोंदे (आजचा अहिल्यानगर जिल्हा) ही त्यांची कर्मभूमी. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ मध्ये पूर्ण झाला आणि तो मराठी ओवीत आहे. ईश्वराचे एकत्व सांगताना त्यांनी योग व वेदान्ताची परिभाषा सहज वापरली. मात्र भोंदू गुरू आणि पोकळ कर्मकांड यांवर कठोर प्रहारही केले. म्हणजे श्रद्धेने त्यांना समाजाशी जोडले, तसेच त्याला प्रश्न विचारण्याचे धैर्यही दिले.

समाजानेही त्यांना दोन अंगांनी स्वीकारले. वारकरी परंपरेने त्यांना संत मानले, महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) मध्ये त्यांचे चरित्र सांगितले. श्रीगोंद्याचे त्यांचे स्थान कोणाला समाधी, तर कोणाला दर्गा.

हा काळ संघर्षमुक्त होता, असा याचा अर्थ नव्हे. परंतु शहा मुंतोजी आणि गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान पाहता, शेख महंमद एकटे नव्हते हे स्पष्ट होते. म्हणून त्यांना अपवाद म्हणून शिकवणे अपुरे ठरते. उर्दू व मराठी या दोन्ही वर्गांत त्यांचा अभ्यास झाला, तरच विद्यार्थ्यांना हा सामायिक वारसा आपला वाटेल.