मोहाचं झाड आणि इटलीवाल्याचं नाव

आजचा एपिसोड एका झाडावर. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, पांढरकवडा, झरी जामणी या पट्ट्यात फिरलात तर बांधावर, जंगलात ते दिसतंच. मोह. ॲपमध्ये त्याच्या पानाचा फोटो टाका, उत्तर येईल 'मधुका लाँगिफोलिया'. हे नाव सहज पडलेलं नाही.

1771 मध्ये स्वीडनच्या लिनिअसनं, दक्षिण भारतात राहणाऱ्या योहान कोनिग या आपल्या शिष्याच्या माहितीवरून, मोहाला 'बासिया' म्हटलं. बासी हा इटलीतल्या बोलोन्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याच्या मानार्थ. रुंद पानांच्या मोहाला 1795 मध्ये कंपनी सरकारच्या डॉक्टर रॉक्सबर्गनं 'बासिया लॅटिफोलिया' नाव दिलं.

पण यात एक बग होता. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हा भाग फार आवडतो. 'बासिया' हे नाव ट्युरिनच्या अलिओनीनं 1766 मध्येच एका वेगळ्याच रोपाला देऊन टाकलं होतं. एकाच नावाचे दोन व्हेरिएबल! अशा वेळी आधीचं टिकतं, नंतरचं बाद. मग 1791 मध्ये छापलेलं 'मधुका' कामी आलं. ते सरळ आपल्या संस्कृत 'मधूक'वरून घेतलेलं. 1918 मध्ये मॅकब्राइड या अमेरिकन संशोधकानं 'मधुका लाँगिफोलिया' असं नाव जोडलं, आणि इटलीवाला बाहेर पडला.

युरोपियनांनी झाड पानाच्या मापावरून ओळखलं. आपल्याकडचे कोलाम, गोंड लोक ते ऋतूवरून ओळखतात. होळीच्या आसपास पानं गळतात, मग मलईच्या रंगाची, गोड, मांसल फुलं येतात. ती पहाटे खाली पडतात, म्हणून लोक अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुलं वाळवून खातात, साठवतात. मग तांबूस पालवी फुटते. उन्हाळा सरता सरता हिरवी फळं पिकतात आणि बियांचं तेल काढतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो, ही खूण लक्षात ठेवा.

सरकारला मात्र फुलात फक्त दारू दिसली. 1892 मध्ये मुंबई इलाख्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच केला. आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता आणि त्याचं नाव होतं वणी. 'यवतमाळ' हे नाव 1905 चं. तो कायदा इथला नव्हता, पण 'मोह म्हणजे दारू' हे समीकरण आजही सगळीकडे ऐकू येतं.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. मोहफुलं त्यातच येतात. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं फुलांवरचे निर्बंधही सैल केले. म्हणजे पुस्तकातलं नाव 1918 मध्ये दुरुस्त झालं, पण फूल वेचणाऱ्या बाईचा हक्क कागदावर यायला त्यानंतर 88 वर्षं लागली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावात मोहाच्या फुलांचं काय करतात, ते नक्की कळवा.