छापखान्याचे गाणे, नाताळची चाल

जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडले की पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ असे छापलेले दिसते. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी लोकांच्या कानात बसलेल्या चाली घेऊन त्यांवर नवी पदे रचली. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. युरोपातही असेच घडत आले आहे. त्याचे एक गमतीदार उदाहरण पाहू.

जून १८४० मध्ये जर्मनीतील लाइप्झिग शहराने मुद्रणकलेचा चारशेवा वाढदिवस साजरा केला. त्यासाठी संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी पुरुषांचे समूहगान व पितळी वाद्ये यांसाठी ‘फेस्टगेझांग’ ही रचना केली. भर चौकात ती गायली गेली. तिच्यातील दुसऱ्या गीतात देव नव्हता. होता तो खिळे जुळवून छापणाऱ्या गुटेनबर्गचा गौरव.

चाल चांगली असल्याचे मेंडेल्सझोन जाणून होते. १८४३ मध्ये लंडनच्या प्रकाशकाला त्यांनी कळवले, की तिला इंग्रजी शब्द खुशाल द्यावेत, पण धार्मिक शब्द मुळीच शोभणार नाहीत. १८४७ मध्ये ते वारले. पुढे १८५५ मध्ये वॉल्टहॅम अ‍ॅबीचे ऑर्गनवादक विल्यम कमिंग्ज यांनी नेमके तेच केले! चार्ल्स वेस्ली यांचे १७३९ चे नाताळगीत त्यांनी या चालीवर बसवले. तेच आज जगभर गायले जाणारे ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’.

हे जुळले कसे? जर्मन गीतात काही ओळी आठ व काही सात अक्षरांच्या आहेत, तर वेस्लींच्या ओळी सात-सात अक्षरांच्या. म्हणून पहिल्या ओळीचे शेवटचे अक्षर दोन स्वरांवर लांबवले जाते. चाल लांब पडत होती. तेव्हा चार ओळींची दोन कडवी जोडून एक केले आणि आरंभीच्या दोन ओळी शेवटी ध्रुवपदासारख्या घेतल्या. मूळ गीतात त्या जागी गुटेनबर्गचे नाव येते.

मग मेंडेल्सझोन चुकले का? चालीला लय असते, चढउतार असतात. त्यांत जोम जाणवतो. पण तो जोम छापखान्याचा की जन्मोत्सवाचा, हे सांगतात ते शब्द आणि गाण्याचा प्रसंग. वर्गात एकाच परिचित चालीवर एक प्रार्थना आणि एक पाढा म्हणवून घ्या. कोठे अक्षर ताणावे लागते, कोठे आघात चुकतो, याची नोंद मुलांनाच करू द्या. कमिंग्जसाहेबांपुढचे कोडे त्यांना आपोआप उमगेल.