गावनामी आडनावे (बेळगाव–निपाणी सीमाभाग)
निपाणीचे सिदोजीराव नाईक निंबाळकर मराठी रीतीने ‘निपाणकर’ म्हणून ओळखले गेले. कन्नड रीतीत बहुधा ‘कर’ लागत नाही; गावाचे नाव तसेच आडनाव होते. त्यांतले विरळ पण थोर नाव गोकाक. घटप्रभेचा धबधबा आणि डिंक, गूळ, सुकामेवा घातलेला करदंट यांसाठी प्रसिद्ध अशा या गावाचे नाव लावणारे विनायक कृष्ण गोकाक (१९०९–१९९२) जन्मले सावनूरला. कन्नड कवी, ज्ञानपीठाचे मानकरी; सांगलीच्या विलिंग्डन व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांचे प्राचार्य. शाळांत कन्नडला प्रथम भाषेचे स्थान देणाऱ्या त्यांच्या अहवालावरून १९८०च्या दशकात आंदोलन पेटले. सीमाभागात हे आडनाव त्या अहवालामुळेच अधिक आठवले जाते. कवीवर हा अन्यायच. संकेश्वर हेही असेच गावाचे नाव तसेच आडनाव झालेले; ते लावणाऱ्या विजय संकेश्वर यांनी १९७६मध्ये एका ट्रकवर वाहतूक व्यवसाय उभारला, पुढे ‘विजय कर्नाटक’ दैनिक काढले.