बोल्दिनोतील सुगी : साथ, विलगवास आणि निर्मिती

१

कलावंताचा एकांत आणि त्याची निर्मिती यांच्यातील नाते कार्यकारणाचे मानण्याची सवय रोमँटिक काव्यविचाराने लावली. २०२०च्या टाळेबंदीत ती पुन्हा बळावली. घरात अडकून पडलेल्या लेखक-कलावंतांना दिलासा म्हणून जे दाखले वारंवार दिले गेले, त्यांत अलेक्सांद्र पुश्किनच्या १८३० मधील ‘बोल्दिनोच्या शरदा’चा दाखला ठळक होता. साथीने कवीला कोंडले आणि म्हणून त्याच्या हातून विपुल लेखन झाले, असा त्याचा आशय. तारखा आणि दैनंदिन जीवन यांच्या आधारे तपासला असता हा दाखला टिकतो का, हे पाहणे निर्मितिप्रक्रियेच्या चर्चेला उपकारक ठरेल.

२

१८३०च्या मे महिन्यात पुश्किनचा नाताल्या गोन्चारोवाशी वाङ्निश्चय झाला. वधूच्या आईचा आग्रह हुंड्यासाठी होता. परंतु घराणे कर्जबाजारी असल्याने हुंड्याची रक्कम अखेर वरालाच पुरवावी लागली. पुश्किनच्या वडिलांनी त्याला बोल्दिनोजवळील किस्तेन्योवो येथील दोनशे ‘आत्मे’ लग्नानिमित्त दिले. ‘आत्मा’ म्हणजे सरकारी गणनेत नोंदलेला पुरुष भूदास. स्त्रिया या हिशेबात येत नसत. त्यांचा ताबा घ्यावा, त्यांना गहाण ठेवून पैसा उभारावा, या हेतूने तो ३ सप्टेंबरला (जुन्या रशियन कालगणनेनुसार) बोल्दिनोत पोहोचला. त्याच सुमारास बंगालमधून निघालेली मानली जाणारी पटकीची दुसरी जागतिक साथ व्होल्गाच्या काठाने वर सरकत होती. रस्त्यांवर क्वारंटाइनच्या चौक्या बसल्या. ऑक्टोबरच्या आरंभी आणि पुन्हा नोव्हेंबरात मॉस्कोकडे निघालेल्या पुश्किनला परत फिरावे लागले. मॉस्को त्याला दिसले ते ५ डिसेंबरला.

या तीन महिन्यांत ‘बेल्किनच्या कथा’ या संग्रहातील पाच कथा, चार ‘लघुशोकांतिका’, ‘कोलोम्नामधील छोटे घर’ हे कथाकाव्य, ‘येवगेनी ओनेगिन’चा समारोप आणि सुमारे तीस भावकविता एवढे लेखन झाले. इतक्या अल्प काळात इतक्या भिन्न रूपबंधांची सिद्धी क्वचितच आढळते, हे निर्विवाद आहे.

३

मात्र तारखांकडे पाहिले की कार्यकारणाची साखळी सैल पडते. ‘शवपेटीवाला’ ही कथा ९ सप्टेंबरला, ‘टपालचौकीचा अधिकारी’ १४ला आणि ‘शेतकरीण झालेली सरदारकन्या’ २०ला पूर्ण झाली. ‘ओनेगिन’च्या शेवटाची तारीख २५ सप्टेंबर आहे. म्हणजे चौकीवरून पहिल्यांदा परत फिरावे लागण्यापूर्वीच लेखनाचा मोठा भाग हातावेगळा झाला होता. ‘ओनेगिन’ला लागलेला काळ पुश्किनने स्वतः ७ वर्षे, ४ महिने व १७ दिवस असा मोजून ठेवला. ‘मोत्सार्ट आणि सालिएरी’, कृपण आणि दोन हुआन या शोकांतिकांचे विषय त्याच्या १८२६च्या सुमाराच्या एका यादीत आढळतात. शरद हा तर त्याचा नेहमीचाच लेखनाचा ऋतू. तेव्हा बोल्दिनोत झाली ती सुगी होती. पेरणी फार आधीची, आणि तीही बहुतांशी मित्रमंडळ, हद्दपारी, रंगभूमी व वाचन यांच्या गजबजाटात झालेली. विलगवासाने बीज दिले नाही. कापणीला उसंत दिली.

साथीची छाया लेखनात नाही असे मात्र नव्हे. शवपेटीवाल्या आद्रियानचा संसार इतरांच्या मरणावर चालतो. श्रीमंत गिऱ्हाईक आपल्याऐवजी दुसऱ्या कारागिराच्या हाती तर जाणार नाही ना, ही त्याची चिंता. २० ऑक्टोबरला पूर्ण झालेल्या ‘हिमवादळ’मध्ये वाट चुकल्याने नवरदेव लग्नाला पोहोचत नाही, आणि त्या वेळी लेखकाचाही लग्नाकडे जाणारा रस्ता बंद होता. चरित्र आणि कथा यांची सरळ जुळणी करण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. अधिक महत्त्वाची गोष्ट कथनाची आहे. पाचही कथा बेल्किनने कोणाकोणाकडून ऐकलेल्या आहेत : कोणी कारकुनी हुद्द्याचा, कोणी लष्करी अधिकारी, कोणी दुकानातला नोकर, कोणी अविवाहित स्त्री. एकट्या खोलीतला लेखक स्वतःचा आवाज बाजूस ठेवून इतरांच्या आवाजांनी ती खोली भरतो. एकांतात ‘स्व’ सापडतो, या रोमँटिक गृहीताला हा छेदच आहे.

४

दिनक्रमाविषयीही सावधगिरी हवी. सातला उठणे, कॉफी, तीनपर्यंत अंथरुणातच लेखन, नंतर घोड्यावरून रपेट, स्नान, बटाटे व बकव्हीटची खिचडी, रात्री नऊपर्यंत वाचन हे चित्र पुष्कळदा १८३०चे म्हणून रंगवले जाते. ते आहे १८३३चे, पत्नीला लिहिलेल्या पत्रातले. तेव्हा कोणतीही चौकी आड येत नव्हती. हा दिनक्रम साथीचा नसून जमीनदारीचा आहे. ती कॉफी कोणी केली, घोडा कोणी बांधला, चुलीला लाकूड कोणी फोडले, हे प्रश्न पत्रात उद्भवत नाहीत.

एकाच क्वारंटाइनचा अर्थ वर्गागणिक बदलत होता. १८३०च्या जूनमध्ये सेवास्तोपोलात प्लेगच्या क्वारंटाइनविरुद्ध बंड झाले. नोव्हेंबरात तांबोव्हमध्ये आणि १८३१ मध्ये पीटर्सबर्गच्या गवतबाजारात पटकीचे दंगे उसळले. प्लेगच्या झडत्या व सक्तीचे स्थलांतर यांतून १८९७ मध्ये पुण्यात जो क्षोभ निर्माण झाला, तो आठवल्यास या दंग्यांना निव्वळ अज्ञान म्हणून मोडीत काढता येणार नाही.

५

या वास्तवाची जाणीव पुश्किनला नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच शरदात त्याने ‘गोर्युखिनो गावाचा इतिहास’ लिहावयास घेतला. बेल्किन महाकाव्य रचू पाहतो, ते जमत नाही. मग इतिहासकार होऊ पाहतो आणि अखेर स्वतःच्या गावाकडे वळतो. साधनांदाखल त्याला पूर्वजांची जुनी पंचांगे मिळतात. त्यांत बर्फ, गाय मेल्याची नोंद आणि नोकराला दिलेला मार एकाच शाईत, एकाच सुरात लिहिलेले आहेत. उपहासाने सुरू झालेली ही संहिता कारभाऱ्याच्या जुलमाने गाव भिकेला लागल्यापर्यंत येते आणि तेथेच थांबते. ती अपुरी राहिली. छापली गेली ती कवीच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्ये.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जॉन विल्सनच्या ‘प्लेगचे शहर’ या नाटकातील एका प्रवेशावरून ‘प्लेगकाळातील मेजवानी’ सिद्ध झाली. मृत्यूच्या गाडीशेजारी गाणारे मेजवानीकर आणि त्यांना धिक्कारणारा धर्मोपदेशक यांच्यात नाटककार निवाडा करीत नाही. अध्यक्ष वाल्सिंगहॅम विचारात बुडालेला असतानाच पडदा पडतो. कलेला साथीत काय अधिकार, हा प्रश्न येथे कलेनेच उघडा ठेवला आहे.

१८३१च्या फेब्रुवारीत ते दोनशे आत्मे ३८,००० रूबलना गहाण पडले. त्यांतील ११,००० सासूच्या हाती गेले आणि १८ तारखेला लग्न झाले. ‘बेल्किनच्या कथा’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्या. बोल्दिनोच्या शरदाचा इतिहास लिहिताना कथांच्या तारखांशेजारी हा हिशेबही मांडावा लागेल. त्यामुळे कथांचे मोल उणावत नाही, परंतु एकांताचे मोल कोणी चुकते केले ते कळते. २०२० मध्ये घरी बसून लिहू शकलेल्यांनी हा दाखला दिला, तेव्हा त्यातून नेमके हेच पान गळले होते.