बिनतारी कार्ड, लॅपटॉपचे

लॅपटॉपमधील माहितीचे रेडिओ तरंगांत आणि आलेल्या तरंगांचे पुन्हा माहितीत रूपांतर करून तारेवाचून संगणकजालाशी संबंध जोडणारा छोटा प्रेषक-ग्राही संच. व्यवहारात त्यास वाय-फाय कार्ड म्हणतात. विक्रेता प्रति सेकंद मेगॅबिटांचा आकडा पुढे करतो. परंतु या साधनाचा इतिहास पाहता निवडीत वेगाला क्वचितच पहिले स्थान मिळाले आहे. कार्ड लॅपटॉपात बसते का, संगणक त्यास ओळखतो का आणि ज्या कंप्रतेवर ते चालते ती वापरण्यास देशाचा कायदा मुभा देतो का, हे प्रश्न नेहमीच आधी उभे राहिले.

बेटांवरील संगणक रेडिओने जोडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग नॉर्मन एब्रॅमसन यांनी हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये केला. मात्र सामान्य माणसाच्या हाती हे तंत्र येण्यास अमेरिकेतील एक शासकीय निर्णय कारणीभूत झाला. तेथील दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये तीन कंप्रतापट्टे परवान्यावाचून वापरण्यास खुले केले. त्यांतील २,४०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा सूक्ष्मतरंग भट्ट्यांमुळे संदेशवहनास निरुपयोगी मानला जाई. टाकाऊ समजली गेलेली ही जागाच पुढे सर्वांत दाट वस्तीची झाली. दुकानातील रोकडयंत्रे तारेवाचून जोडण्यासाठी एन्‌सीआर कंपनीच्या नेदर्लंड्‌समधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ हे साधन सिद्ध केले (१९९०). याच गटातील व्हिक हेझ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक निश्चित केले. त्याचा वेग प्रति सेकंद १ वा २ मेगॅबिट होता; १९९९ मधील ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर नेला. त्याच वर्षी ॲपल कंपनीने आपल्या आयबुक या लॅपटॉपसाठी असे कार्ड ९९ डॉलरला विकावयास काढले आणि कार्यालयातील हे साधन घरात शिरले.

आरंभीची कार्डे लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवावयाची असत. लांबी ८५.६ मिमी., रुंदी ५४ मिमी., म्हणजे बँकेच्या कार्डाएवढी. पुढे कार्ड लॅपटॉपच्या पोटात गेले आणि आकुंचन पावत २२ × ३० मिमी. वर आले. इंटेल कंपनीने मार्च २००३ मध्ये ‘सेन्ट्रिनो’ हे नाव आपला प्रक्रियक, साहाय्यक मंडल व स्वतःचेच बिनतारी कार्ड एकत्र असलेल्या लॅपटॉपांपुरते मर्यादित ठेवले, तेव्हापासून ग्राहकाची निवड बरीचशी कारखान्यातच होऊ लागली. काही उत्पादकांनी यंत्राच्या मूळ आज्ञावलीत मान्य कार्डांची यादी घातली. तीत नसलेले कार्ड बसविल्यास लॅपटॉप सुरूच होत नसे. आतील आकाशकाच्या तारा कार्डाशी जुळवून तपासलेल्या असतात, हे त्याचे सांगितले जाणारे कारण होते; ग्राहकाच्या दृष्टीने पाहता ते पुरेसे पटणारे नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांची अडचण निराळी होती. कार्डाला चालविणारी आज्ञावली बहुधा केवळ विंडोज प्रणालीसाठीच मिळे. कित्येकांनी एन्‌डिसरॅपर या साधनाच्या आधारे विंडोजचीच आज्ञावली लिनक्सवर चालविली. ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांचे अंतरंग तर स्वयंसेवकांनी उलट मार्गाने शोधून काढले व त्यावर आधारित आज्ञावली २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. कंपनीने स्वतः खुली आज्ञावली दिली ती २०१० मध्ये. त्यामुळे जाणकार वेष्टनावरील नावापेक्षा आतील चिपचे नाव पाहूनच कार्ड घेत. एकाच नावाखाली कंपन्या चिप बदलत असल्याने तेवढ्यानेही फसगत टळत नसे.

भारतात कायद्याचा प्रश्न अधिक जुना आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. धाराशिव जिल्हा त्या वेळी निजामाच्या संस्थानात होता. विलीनीकरणानंतर हीच व्यवस्था तेथेही आली. रेडिओ संचासाठी डाकघरात परवाना-शुल्क भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात संपली, पण अधिनियम राहिला आणि त्याच्या शब्दांत लॅपटॉपचे कार्डही बसत होते. केंद्र शासनाच्या २८ जानेवारी २००५ च्या नियमांनी २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा घराबाहेरील वापरासही परवानामुक्त केला. प्रेषकाची शक्ती १ वॉट व आकाशकासह परिणामी शक्ती ४ वॉट अशी मर्यादा घातली गेली. ५ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यास मात्र त्या वेळी घर व आवार यांपुरतीच मोकळीक मिळाली. घराबाहेर तो व्यापकपणे खुला झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये.

सुरक्षेचा धडा महाराष्ट्रातच मिळाला. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या सुमारास धाडलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या संकेतशब्दविरहित वाय-फाय जोडणीचा परस्पर वापर करून पाठविला गेल्याचे तपासात आढळले. पुढील वर्षाच्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघड्या जोडण्या शोधण्याची मोहीम काढली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवादात्यांना या संबंधी सूचना दिल्या. ‘वेप’ ही मूळची गुप्तलेखन पद्धती २००१ मध्येच भेद्य ठरली होती. तिच्या जागी आलेली ‘डब्ल्यूपीए-२’ जुन्या कार्डांपैकी अनेकांना पेलत नसे. अशी स्वस्तात मिळणारी जुनी कार्डे घरातील संपूर्ण जाळेच दुबळे करीत.

ग्रामीण भागात तरंगांचा स्वभाव निर्णायक ठरतो. मुंबईच्या आय्‌. आय्‌. टी. ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर तालुक्यातील खामलोली व भोवतालच्या गावांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या कंप्रता वापरल्या. कमी कंप्रतेचे तरंग झाडीतून अधिक दूर जातात. गावात पोहोचल्यावर मात्र शेवटचा टप्पा साध्या वाय-फायनेच जोडावा लागला. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात घेणाऱ्यासही हाच विचार लागू पडतो. माळवदाच्या घराची दगडमातीची जाड भिंत ५ गिगॅहर्ट्‌झचे तरंग बरेचसे शोषून घेते, तर पत्र्याचे छप्पर दोन्ही पट्ट्यांचे तरंग परतवून लावते. अशा घरात प्रति सेकंद हजार मेगॅबिटांचे आश्वासन देणाऱ्या कार्डापेक्षा दोन्ही पट्टे आणि दोन आकाशक असलेले मध्यम कार्ड अधिक उपयोगी पडते. शेजारी थोडे असल्याने तेथे २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात शहरातल्यासारखी गर्दीही नसते. शहरात मात्र या पट्ट्यातील एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन मार्ग साऱ्या इमारतीला वाटून घ्यावे लागतात. ज्या लॅपटॉपात कार्ड पटलावरच जडविलेले असते, तेथे बिघाड झाल्यास यूएसबी डोंगल हाच व्यवहार्य उपाय उरतो.

इंटेलच्या काही अलीकडील कार्डांत निम्मे काम लॅपटॉपचा प्रक्रियकच करतो; ती दुसऱ्या बनावटीच्या यंत्रात खाचेत नीट बसली, तरी चालत नाहीत. ६ गिगॅहर्ट्‌झचा तिसरा पट्टा असलेली कार्डे २०२१ च्या सुमारास बाजारात आली. भारतात ५,९२५ ते ६,४२५ मेगॅहर्ट्‌झसाठी परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत विकल्या गेलेल्या कार्डांतील हा पट्टा येथे आज्ञावलीनेच मिटलेला होता.