दक्षिण आफ्रिकेतील समूहगान आणि समाज

राष्ट्रांचा इतिहास सनदा, तहनामे आणि लढाया यांच्या आधारे लिहावा, अशी आपली जुनी रीत आहे. परंतु ज्या समाजाच्या हातून राज्य गेले आणि पुढे जमीनही गेली, त्याचा इतिहास जाणावयाचा तर त्याच्या गाण्यांकडे वळावे लागते. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे.

1886 साली विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत सोने सापडले. 1913 च्या जमीन कायद्याने देशातील सुमारे 7 टक्के भूमी तेवढी बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ठेवली. पोटासाठी झुलू तरुण खाणींत व कारखान्यांत आले. बायकामुले गावी राहिली. केवळ पुरुषांच्या त्या कोंदट वसाहतींत शनिवारी रात्री गायनाच्या चढाओढी रंगू लागल्या. वाद्य एकही नाही. म्होरक्याने सूर टाकावा आणि साथीदारांनी तो खर्जात झेलावा, अशी ही पद्धत. तीत गावच्या लग्नगीतांचा ढंग होता, तसाच ख्रिस्ती प्रार्थनागीतांतील स्वरसंवादही होता. या गायनास ‘इसिकाथामिया’ म्हणतात. हलक्या पावलांनी चालणे, हा त्या शब्दाच्या मुळाशी असलेला अर्थ. पहारेकऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून पाय हळू टाकीत, असे गायक सांगत आले आहेत.

दुसरा प्रवाह मिशनच्या शाळांतला. 1897 मध्ये एनॉक सोंटोंगा या शिक्षकाने आफ्रिकेसाठी ईश्वराचा आशीर्वाद मागणारे एक गीत रचले. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था 1912 साली ब्लूमफाँटेन येथे स्थापन झाली, तेव्हा ते गायिले गेले. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूबे हे गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाचे शेजारी. त्यांच्या ओह्लांगे येथील शाळेच्या गायकवृंदाने हे गीत दूरवर नेले. 1994 साली नेल्सन मंडेलांनी आयुष्यातील पहिले मत दिले ते याच शाळेत. आणि 1997 पासून सोंटोंगांचे हे गीत राष्ट्रगीताचा भाग झाले आहे.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी 1939 साली ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याचे हक्क नाममात्र मोबदल्यात गेले. 1961 साली त्यावरून बेतलेले इंग्रजी गाणे अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. पुढल्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारले. त्यांच्या मुलींना वाटा मिळण्याची तडजोड झाली ती 2006 मध्ये.

जमीन हिरावली गेली, तशीच गाण्याची मिळकतही हिरावली गेली. फरक इतकाच की, गाणे लोकांच्या कंठात शिल्लक राहिले आणि त्यानेच त्यांना एकत्र ठेवले. म्हणून हे संगीत आज रंगमंचावर ऐकताना त्याच्या माधुर्याइतकीच, ते कोणत्या परिस्थितीत जन्मले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडले, याचीही चौकशी करणे हे जाणत्या श्रोत्याचे कर्तव्य ठरते.