स्पार्ताकियाद : गावापासून मॉस्कोपर्यंतची शिडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे वेवजी तलासरी तालुक्याच्या अगदी कडेला आहे. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा शेजारचे उंबरगाव गुजरातेत गेले आणि आम्ही महाराष्ट्रात राहिलो. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतो, २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहोत. अशा गावात बसून कोणी रशियातल्या क्रीडास्पर्धांचा इतिहास सांगू लागला, तर 'याचा काय संबंध?' असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. संबंध आहे तो एका पुस्तकाच्या वेष्टनाचा. सत्तरच्या दशकात आमच्या लाल बावट्याच्या मुलखात 'सोव्हिएत देश' हे गुळगुळीत कागदाचे नियतकालिक घरोघरी नसले तरी ओळखीचे होते. वाचून झाले की त्याची पाने मुलांच्या वह्यापुस्तकांना चढत. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर एका प्रचंड स्टेडियमचे चित्र आले होते. त्याखाली शब्द होता 'स्पार्ताकियाद'. तो वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

स्पार्टाकस हा रोममधला गुलाम. लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात जिवावर उदार होऊन लढणाऱ्या गुलामांपैकी एक. इसवी सनापूर्वी ७३ साली त्याने बंड केले आणि दोन वर्षे रोमन फौजांना सळो की पळो करून सोडले. या माणसाचे नाव खेळांच्या स्पर्धेला द्यावे, हे आमच्या भागातल्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेतले म्हणून नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशी 'लग्नगडी'ची पद्धत इथे होती. २३ मे १९४५ रोजी आमच्याच तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि त्यांनी वेठ करायची नाही असे ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्याचे पुढारी होते. त्या वर्षी १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. म्हणजे गुलामाचे बंड ही आमच्याकडे शाळेत शिकायची गोष्ट नव्हती, ती आजोबांच्या तोंडून ऐकायची होती.

तर खेळांकडे येऊ. ऑलिंपिक हे पहिल्यापासून वरच्या वर्गाचे संमेलन होते. पगार घेऊन खेळणारा तिथे नको, हौशी हवा, असा नियम. पण हौस करायला फुरसत लागते आणि फुरसत कोणाला असते? युरोपातल्या कामगारांनी म्हणून आपले वेगळे क्रीडासंघ काढले. १९२१ साली मॉस्कोत लाल क्रीडा आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी प्रागच्या कामगार व्यायामसंघांनी आपल्या मेळाव्याला 'स्पार्ताकियाद' हे नाव दिले. ऑलिंपियाड हा देवांच्या डोंगरावरून आलेला शब्द, तर हा गुलामाच्या नावावरून केलेला, असा तो टोला होता.

मोठी स्पर्धा भरली ती ऑगस्ट १९२८मध्ये मॉस्कोला. त्याच उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक होते, आणि सोव्हिएत संघ तिथे गेलेला नव्हता. मॉस्कोत त्यासाठी दिनामो स्टेडियम बांधले. सुमारे ७ हजार खेळाडू आले, त्यांत परदेशातल्या कामगार संघांचे सहाशेहून अधिक होते. धावणे, पोहणे, फुटबॉल हे तर होतेच, पण गोरोदकीसारखा त्यांचा गावठी खेळही होता. लाकडी ओंडक्यांची आकृती मांडायची आणि लांबून दांडके फेकून ती उडवायची. आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ म्हणा ना. गावच्या खेळाला राजधानीच्या मैदानात जागा मिळाली, हे मला त्या स्पर्धेतले सगळ्यात मोलाचे वाटते. आपल्याकडे कबड्डी आणि खो-खोला किती वर्षे 'देशी खेळ' म्हणून बाजूला बसवले होते ते आठवून पाहा.

यानंतर १९३१ साली 'श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज' या नावाची शारीरिक चाचणी सुरू झाली. रशियन आद्याक्षरांवरून तिला 'गेतेओ' म्हणत. धावणे, उडी, पोहणे, नेमबाजी, हातगोळा फेकणे. ठरलेले माप गाठले की बिल्ला मिळे. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी पाहिल्या की राज्याला लोकांच्या तब्येतीची काळजी कशासाठी होती तेही कळते.

महायुद्ध संपले आणि धोरण फिरले. ज्या ऑलिंपिकला नावे ठेवली, तिथेच जाऊन जिंकायचे ठरले. १९५२ साली हेलसिंकीला सोव्हिएत चमू पहिल्यांदा उतरला. मराठी माणसाला हेलसिंकी म्हटले की खाशाबा जाधव आठवतात. गोळेश्वरचे खाशाबा लोकांनी जमवलेल्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर तिथे पोचले होते. बँटमवेट गटात त्यांना कांस्यपदक मिळाले. जपानच्या इशीशी झालेली लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढची कुस्ती धरावी लागली, आणि समोर होता सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. तो रौप्यपदक घेऊन गेला. एका बाजूला सगळे सरकार पाठीशी असलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला गावाने चार-चार आणे काढून धाडलेला. कोणाचे कौतुक जास्त करावे हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत खाशाबांकडे आहे, पण गावाच्या वर्गणीवर कोणत्याही देशाला दर चार वर्षांनी खाशाबा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

सोव्हिएत राज्याने त्यावर जो तोडगा काढला तो म्हणजे 'सोव्हिएत जनतेची स्पार्ताकियाद'. पहिली ऑगस्ट १९५६मध्ये झाली. मॉस्को नदीकाठी लुझ्निकी इथे बांधलेले नवे लेनिन स्टेडियम तेव्हा जेमतेम आठवड्याचे होते. माझ्या पुस्तकाच्या वेष्टनावर होते ते हेच. अंतिम फेरीत नऊ हजारांवर खेळाडू होते. पण खरी गंमत अंतिम फेरीत नव्हती, ती शिडीत होती. आधी कारखान्यात, शाळेत, सामुदायिक शेतीवर स्पर्धा. तिथून जिल्हा, मग प्रांत, मग प्रजासत्ताक. शेवटी पंधरा प्रजासत्ताकांचे चमू, आणि मॉस्को व लेनिनग्राद ही दोन शहरे वेगळी, असा सामना पुढच्या काळात रूढ झाला. उझबेकिस्तानातल्या कापसाच्या शेतावरची पोर आणि लेनिनग्राडच्या कारखान्यातला फिटर एकाच शिडीच्या पायऱ्या चढत होते. त्याच वर्षाअखेरीस मेलबर्नला सोव्हिएत संघाने ३७ सुवर्णपदके घेतली आणि अमेरिकेला मागे टाकले. शिडी कामाला आली होती.

पुढे साधारण दर चार वर्षांनी, ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, ही स्पर्धा भरू लागली. आणि इथेच आकड्यांची गोष्ट सुरू होते. पहिल्या वेळी खालच्या पायऱ्या धरून सुमारे दोन कोटी लोक खेळले, असे सरकारने सांगितले. मग आकडा वाढत गेला, आठ कोटींच्याही पुढे गेला. १९७९ साली त्या देशाची लोकसंख्या २६ कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ही मुले आणि अंथरुणावरचे म्हातारे धरून जवळजवळ दर तिघांतला एक खेळाडू! हे पटणारे नव्हतेच, आणि तिथल्या वर्तमानपत्रांतूनही अधूनमधून तक्रारी छापून येत की माणसे मैदानावर येत नाहीत, नुसती कागदावर येतात. बिल्ल्यांचेही तेच. वरून कोटा यायचा, खालून तो पुरा झाल्याचे कळवले जायचे.

या खोटेपणावर मी हसू शकत नाही. मी शिक्षक होतो. आमच्याकडेही शिडी आहे : केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. स्पर्धा भरतात हिवाळ्यात. आणि दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मुले बरोबर जातात, कारण त्यांना ठेवायचे कोणाकडे? माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेवर असताना सहभागाचा तक्ता भरायचा होता. वर्गात समोर जेवढी मुले होती तेवढी लिहिली असती तर 'बाकीची कुठे?' हा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर कोणालाच नको होते. मी पटावरची सगळी नावे लिहिली. शंभर टक्के सहभाग. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. तसे करावे लागते हे मला न सांगताच कळले होते. सोव्हिएत संघातल्या कुठल्यातरी शेतावरच्या क्रीडाशिक्षकालाही असेच कळले असणार.

शिडीचा दुसरा दोष याहून वाईट. वर न्यायला माणसे हवीत म्हणून खालची पायरी फक्त चाळणी होते. पूर्व जर्मनीने साठच्या दशकात मुलांच्या स्पार्ताकियादी सुरू केल्या. त्यांतून निवडलेली मुले क्रीडाशाळांत गेली आणि पुढे त्यांतल्या कित्येकांना, विशेषतः कोवळ्या मुलींना, जीवनसत्त्वे म्हणून उत्तेजक गोळ्या दिल्या गेल्या. तो कारभार चालवणारे मानफ्रेड एवाल्ड यांना २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवले. चेकोस्लोव्हाकियातला प्रकार निराळा होता. प्रागच्या स्ट्राहोव्ह स्टेडियमवर दोन लाखांहून जास्त प्रेक्षकांपुढे हजारो माणसे एका तालावर हात हलवीत. ती स्पर्धा नव्हे, कवायत. १९५५पासून ती दर पाच वर्षांनी होई; १९६८ साली रशियन रणगाडे आले आणि १९७०ची कवायत झालीच नाही.

मॉस्कोच्या स्पर्धेचा सर्वांत थाटाचा सोहळा १९७९चा. पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकची ती रंगीत तालीम होती, म्हणून परदेशी खेळाडूंनाही पहिल्यांदाच मोठ्या संख्येने बोलावले. त्यांत अमेरिकनही होते. वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि प्रत्यक्ष ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला. त्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपण हॉकीचे सुवर्ण जिंकले, हे आपल्याला लक्षात राहिलेले. शेवटची स्पार्ताकियाद १९९१ साली झाली. डिसेंबरात तो देशच उरला नाही. 'गेतेओ' चाचणी मात्र रशियाने २०१४ साली पुन्हा सुरू केली. राज्ये जातात, तक्ते राहतात.

आपणही १९७०–७१पासून ग्रामीण क्रीडास्पर्धा घेतल्या, १९९४ साली राष्ट्रीय स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभारले, २०१८ साली 'खेलो इंडिया' सुरू केले. उद्देशाबद्दल माझी तक्रार नाही. सोव्हिएत शिडीबद्दलही नाही. खालच्या पायरीवर सगळ्यांना पाय ठेवता आला पाहिजे, ही कल्पना खाशाबांच्या वर्गणीपेक्षा न्यायाची आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्या पायरीवर खरोखर कोण उभे होते हे वरून दिसत नाही, आणि खालच्याने सांगितले नाही तर कोणालाच कळत नाही.

मी तक्त्यात नावे भरली त्यांत चौथीची एक मुलगी होती. शाळेच्या मैदानावर ती मुलांना मागे टाकायची. अनवाणी, एका हाताने झगा वर धरून धावायची. सलग तीन हिवाळे ती भट्टीवर होती आणि तिन्ही हिवाळे माझ्या तक्त्यात शंभर मीटर धावली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी ती आपल्या मुलीचे नाव घालायला शाळेत आली. दाखल्याचे काम झाले, तरी ती दारातच घुटमळत राहिली. मग तिने विचारले, "गुरुजी, हिवाळ्यातल्या शर्यती अजून होतात ना? या वर्षी आम्ही भट्टीवर जाणार नाही. मला कधी धावायला मिळाले नाही, हिला घ्याल ना?"

मी घेतो म्हणालो. ती तीन वेळा धावली आहे, अशी माझ्या अक्षरातली नोंद कुठल्यातरी कपाटात असेल, हे मी तिला सांगितले नाही.